रिमोट कुणाच्या हातात?

भाई, नमस्कार.

मी गोव्यातल्या साखळीची. वय 42, जन्मापासून दिसत नाही. घरी मुलांना पेटी शिकवते, देवळात भजनाला साथ करते. लहानपणी बाबांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. दादा खेळायचा, मी शेजारी बसून ऐकायचे. मारिओ, काँट्रा, रणगाड्यांचा गेम, सगळे आवाज पाठ. वेळ संपत आली की मारिओची चाल धावायला लागायची आणि मी ओरडायचे, ‘दादा, पळ!’ गेमचा रिमोट माझ्या हातात कधी आला नाही. मीही मागितला नाही.

यंदा चवथीच्या साफसफाईत तो गेम माळ्यावर सापडला. वहिनी म्हणाली, ‘दिसत नाही तर गेमचा काय उपयोग? भंगारवाल्याला देऊया.’ दादा बोटीवर असतो, सहा-सहा महिने घरी नसतो. भाचीने यूट्यूबवर मारिओची चाल लावून दिली. पट्टी तीच, पण चाल पळत होती, आणि कशी तरी गुळगुळीत वाटली. मीच विसरले का? गेम न बघता त्याचे आवाज आवडणं हा खुळेपणा, की मला नुसती दादाची आठवण येते? आणि आता ऐकायचं म्हटलं तर कसं? पडदा बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी मोबाईल टॉकबॅकवर येतो, लॅपटॉप एनव्हीडीएवर जेमतेम.

— साखळीची एक वाचक

ताई,

आधी भंगारवाल्याला थांबवा. बाकीचं सावकाश बोलू.

तुम्ही काहीही विसरलेला नाहीत. उलट तुमच्या कानाने जे पकडलंय ते भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडचा जुना टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला 50 वेळा पडदा रंगवणारा. जपान-अमेरिकेत हा आकडा 60. निन्तेंदो या जपानी कंपनीने 1983 मध्ये जपानात फॅमिकॉम हे मशीन काढलं, 1985 मध्ये त्यावर सुपर मारिओ ब्रदर्स आला, आणि कोजी कोंदो यांचं त्यातलं संगीत बसलं ते 60 च्या हिशेबाने. या मशीनवर गाण्याची लय वेगळ्या घड्याळावर चालत नाही. पडदा एकदा रंगला की गाणं एक पाऊल पुढे सरकतं. आपल्या बाजारात मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी जी मशीनं आली ती फॅमिकॉमच्या नकला. अशी नकल 50 वर चालली की गाण्याची पावलं सेकंदाला दहाने कमी पडतात, आणि एका मिनिटाच्या चालीला 72 सेकंद लागतात. सूर मात्र चिपच्या मूळ घड्याळावर ठरतो, आणि 50 वर चालणाऱ्या या नकलांमध्ये ते घड्याळ जपानी मशीनच्या अगदी जवळचं ठेवलेलं असायचं. म्हणून पट्टी तीच, लय संथ. तुम्ही पत्रात हेच लिहिलंत. यूट्यूबवर ऐकलंत ती जपान-अमेरिकेची लय. साखळीच्या घरात वाजत होती ती वेगळी, आणि तुमच्यासाठी तीच खरी.

आता तो गुळगुळीतपणा. त्याचं कारण मला जास्त आवडतं.

फॅमिकॉमच्या चिपमध्ये पाच आवाज. तुम्हाला भजनाच्या बैठकीवरून सांगतो. दोन पेट्या, त्याच बहुतेक चाल वाहून नेतात. एक खर्ज धरणारा, त्याला आवाज लहान-मोठा करता येत नाही, एक तर वाजेल नाहीतर गप्प बसेल. एक नुसती खरखर, तिचीच झांज होते आणि तिचाच स्फोट. पाचवा ध्वनिमुद्रणाचे तुकडे वाजवणारा, पण तो मारिओच्या या पहिल्या गेममध्ये गैरहजर. एवढ्याच मंडळींनी गाणंही वाजवायचं आणि खेळातले आवाजही काढायचे. मग उडी मारली की एक पेटीवाला चाल सोडून ‘बोइंग’ करायला धावतो, नाणं मिळालं की दुसरा. तेवढ्यापुरता गाण्यातला तो सूर गळतो आणि क्षणात परत येतो. दादा खेळत असताना तुम्ही ऐकत होता ते गाणं असं जागोजागी छिद्रं पडलेलं होतं, आणि ती छिद्रं दादाच्या अंगठ्याने पाडलेली. यूट्यूबवर कुणी खेळत नाही, म्हणून गाणं अखंड, म्हणून गुळगुळीत.

यातच तुमच्या ‘दादाची आठवण की गेमची आवड’ या प्रश्नाचं उत्तर आहे. दोन्ही आहे, आणि ते वेगळं करायला बसू नका. तुम्ही ऐकत होता तो चालू खेळ होता. नुसतं संगीत ऐकून समाधान होत नाही याचा अर्थ तुमचं काही बिघडलंय असा नाही. अर्धीच गोष्ट कानावर पडते आहे, एवढाच. तेव्हा माझा सल्ला एका ओळीत सांगायचा तर, ऐकण्यावर थांबू नका, रिमोट हातात घ्या.

वहिनींवर रागावू नका. चवथीआधी माळा आवरणाऱ्या बाईला प्रत्येक खोका भंगारच वाटतो, आणि माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं, सामान कुठे ठेवायचं हा तिचा प्रश्न खराच आहे. मशीन माळ्यावरून तुमच्या खोलीत आणा, निम्मा वाद तिथेच मिटेल. राहिला ‘काय उपयोग’चा मुद्दा. मारिओच्या या चालीची अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2023 मध्ये जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत नोंद केली. व्हिडिओ गेमचं संगीत त्या यादीत पहिल्यांदाच गेलं. हे सांगून वहिनी गप्प होतील असं नाही, पण सांगायला मजा येईल.

गेम म्हणजे बघायची गोष्ट, हा समज डोळसांचा. खरं तर त्या आवाजांत माहिती ठासून भरलेली असते. छोट्या मारिओच्या उडीचा आवाज चढा, मोठ्याचा खालचा. म्हणजे अंगात ताकद आहे की नाही ते उडीवरून कळतं. नाण्याचे दोन सूर पेटीवर काढून बघा. पहिल्याला सा धरलात तर दुसरा वरचा शुद्ध मध्यम, लांबवलेला. पाण्याखालची चाल तीन-तीनच्या वजनाची, तिला दादऱ्याची टाळी धरता येते. आणि एक गंमत. मारिओ नळात शिरतो तेव्हा आणि मार खाऊन लहान होतो तेव्हा आवाज एकच. दिसणाऱ्यांना हे माहीतसुद्धा नसतं, कारण त्यांचं काही अडत नाही. तुम्हाला मात्र लहानपणी फरक कळत असणार. नळात शिरल्यावर चाल बदलून तळघराची ती तुटक चाल सुरू होते. मार खाल्ला तर चाल तशीच पुढे जाते. हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

रणगाड्यांच्या गेममध्ये, म्हणजे बॅटल सिटीत, उभ्या रणगाड्याची घरघर वेगळी आणि चालत्याची वेगळी. काँट्रात बंदूक बदलली की गोळीचा आवाज बदलतो. याआधीचं उदाहरण हवं तर 1978 चा स्पेस इनव्हेडर्स घ्या. चार खर्जाचे सूर उतरत्या क्रमाने परत परत, आणि शत्रू कमी होतील तशी त्यांची लय वाढत जाते. किती उरले ते कानानेच कळतं.

आता कामाचं.

मशीन. हाताला लागेल तो अ‍ॅडॅप्टर त्याला लावू नका. पिनच्या आतल्या बाजूला धन की ऋण हे मशीनपरत्वे वेगळं असतं, आणि उलटं लागलं तर खेळ तिथेच आटोपतो. जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला मशीन उघडून दाखवा. आपल्या हवेत इतकी वर्षं माळ्यावर काढल्यावर आत गंज असणारच. कॅसेटच्या धातूच्या दातांवर फुंकर मारायची दादाची सवय असेल तर ती तुम्ही उचलू नका, तोंडातल्या ओलाव्याने दात आणखी खराब होतात. फार्मसीतून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कानात घालायच्या कापसाच्या काडीला लावून दातांवरून हळू फिरवा, वाळू द्या.

आणि टीव्ही लागेलच असं नाही. कुणी हा विचारच करत नाही. मशीनच्या मागे दोन वेगळ्या पिनांच्या जागा असतील तर एक चित्राची आणि एक आवाजाची. चित्राची तशीच सोडा. आवाजाची वायर थेट स्पीकरला किंवा तुमच्या भजनाच्या अ‍ॅम्प्लिफायरला लावा. चित्र कुठेच न जाता गेम चालू राहतो. अँटेनाची एकच वायर बाहेर येत असेल तर मात्र टीव्ही हवा.

मशीन मेलेलं निघालं तर लॅपटॉप. त्यावर जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारी सॉफ्टवेअर असतात, त्यांना एमुलेटर म्हणतात. मी एफसीईयूएक्स वापरतो. फुकट आहे, विंडोजवर त्याचे मेनू साधे आहेत, एनव्हीडीए ते वाचतो. त्यात प्रदेश निवडायच्या यादीत डेंडी असं नाव येईल. डेंडी म्हणजे 1992 पासून रशियात विकली गेलेली अशीच एक नकल, 50 वर चालणारी. ते निवडलंत की तुमची साखळीची लय परत येईल. आवाजाच्या सेटिंगमध्ये त्या बैठकीतला एकेक वादक वेगळा बारीक करता येतो. दोन्ही पेट्या बंद करून नुसता खर्ज ऐका कधीतरी. पेटी शिकवणाऱ्या माणसाचा एक रविवार त्यात सहज जाईल.

एकच एमुलेटर सगळ्या मशीनांसाठी हवा असेल तर रेट्रोआर्क. त्याच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीचा भाग चालू केला की मेनू स्वतः बोलतो. पहिल्यांदा तो चालू करायला भाचीला बोलवा. खेळ सुरू झाल्यावर पडद्यावरची अक्षरं म्हणजे चित्रच असतात, त्यामुळे तिथे एनव्हीडीए मुका होतो. एनव्हीडीएची कळ दाबून धरून आर दाबलं की तो चित्रातली अक्षरं ओळखायचा प्रयत्न करतो. कधी जमतं, कधी ‘स्कोअर’चं भलतंच काहीतरी होतं. नुसतं संगीत ऐकायचं तर एनएसएफ नावाच्या फायली मिळतात, व्हीएलसी हा प्लेअर त्या वाजवतो. त्या ध्वनिमुद्रणं नसतात. गेममधल्या संगीताच्या सूचनाच त्यात असतात आणि त्या जागच्या जागी वाजवल्या जातात, म्हणून इतक्या लहान. अख्खा सुपर मारिओ ब्रदर्सच 40 किलोबाइटचा होता, तुमच्या मोबाईलमधल्या एका फोटोहून कितीतरी कमी. एक सांगून ठेवतो: एमुलेटर वापरणं कायद्याला धरून आहे, पण गेमवर कंपनीचा हक्क आहे, कुठल्याही साइटवरून उतरवलेली फाइल त्यात बसत नाही.

खेळायचं काय?

मारिओपासून सुरुवात कराल, जरूर करा, पण एक गोष्ट आधीच ठाऊक असू दे. मारिओत खड्ड्याला आवाज नाही. भिंतीवर आपटलं तरी आवाज नाही, जमिनीवर टेकलं तरी नाही. आवाज होतो तो आत पडून जीव गेल्यावरच. शिवाय सगळा आवाज एकाच कर्ण्यातून येतो, डावं-उजवं काही नाही, हेडफोन कितीही महाग लावा. म्हणून एकटीने कानावर तो पार करणं जिकिरीचं. तरी तुमच्याकडे असलेलं एक हत्यार माझ्याकडे नव्हतं, ते म्हणजे लयीचं भान. पहिला टप्पा दर वेळी जसाच्या तसा असतो, आणि टप्पा सुरू होतो त्याच क्षणी गाणं सुरू होतं. पळायचं बटण सोडलं नाही तर कुठली उडी कितव्या मात्रेवर ते ठरून जातं. भाचीला शेजारी बसवा, तिने खड्ड्याआधी ‘हं’ म्हणायचं, तुम्ही मात्रा लक्षात ठेवायची. पुढच्या खेपेला तिने गप्प बसायचं. मधल्या नळाला अडकलात तर मात्र समेची वाट लागते, तिथे परत सुरुवातीपासून. एमुलेटरमध्ये हवी ती जागा साठवून ठेवता येते, तिथूनच पुन्हा पुन्हा रियाज करा. यात लबाडी नाही. विद्यार्थ्याला अडलेली तान तुम्ही तेवढीच घोटायला लावता ना?

कानाला खरा न्याय देणारा गेम म्हणजे 1987 चा पंच-आउट, बॉक्सिंगचा. अशा मशीनबरोबर मिळायची त्या ‘9999 इन वन’ कॅसेटमध्ये तो बहुधा नसेल (नावाला 9999, आत तेच ते मोजके गेम). यात चालत कुठे जायचं नसतं. समोर एक पैलवान, त्याचे ठोसे ठरावीक तालात येतात, कित्येकांच्या आधी इशाऱ्याचा आवाज होतो, आणि तुम्ही डावीकडे, उजवीकडे किंवा खाली चुकवायचं. अमेरिकेत गेम्स डन क्विक नावाचा देणगीसाठी भरणारा मेळा असतो, तिथे डोळ्यांवर पट्टी बांधून हा गेम खेळून दाखवलाय. मला त्या पट्टीचं फार कौतुक नाही, कारण पट्टीवाल्याला चित्र आधी पाठ असतं. पण गेम कानावर चालतो एवढं त्यातून सिद्ध होतं. मला त्यापेक्षा अमेरिकेतल्या नेब्रास्काचा ब्राइस मेलन जास्त पटतो. जन्मापासून न दिसणारा हा मुलगा मॉर्टल कॉम्बॅटमध्ये डोळसांना लोळवतो म्हणून 2005 मध्ये त्याच्या बातम्या झाल्या. मारामारीच्या गेममध्ये दोघं एकाच रेषेवर समोरासमोर असतात, आणि प्रत्येक डावाला स्वतःचा आवाज असतो. स्ट्रीट फायटरमध्ये समोरचा ‘हादोकेन’ ओरडला की आगीचा गोळा निघाला. उडी मारायची की अडवायचं ते ठरवायला तेवढा वेळ पुरतो, सरावाने.

काँट्राचा तो प्रसिद्ध कोड तुम्हाला दादाच्या बोटांच्या टकटकीवरून आठवत असेल: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. 30 जीव मिळतात. याला डोळे लागतच नाहीत. सुरुवातीच्या पडद्यावर टाकायचा.

तुम्हाला लोक ऑडिओ गेमही सुचवतील, म्हणजे फक्त आवाजावर रचलेले. चांगले असतात. जपानमध्ये 1997 मध्ये केंजी एनो यांनी सेगा सॅटर्न या मशीनसाठी चित्रच नसलेला गेम काढला होता, न दिसणाऱ्या खेळाडूंशी ओळख झाल्यावर. जरूर खेळा. पण ‘तुमच्यासाठी ते वेगळे गेम आहेत ना’ असं म्हणून कुणी मारिओ हातातून काढून घेत असेल तर देऊ नका. तुम्हाला हवा आहे तो घरातला गेम, दादाचा.

भाचीबद्दल एक. ती दया म्हणून मुद्दाम हरायला लागली तर कानाला लगेच कळेल, रिमोटची बटणं दाबायची थांबतात. तेव्हा तिला तिथल्या तिथे सांगा. मुलांना दोनदा सांगावं लागतं.

दादाला यंदा फोनवर सांगा की सुट्टीवर येताना लॅपटॉपला लागणारे यूएसबीचे रिमोट आण. वायरवाले सांगा, बिनवायरच्यात बटण दाबलं आणि आवाज आला यात फट पडू शकते, आणि तुम्हाला ती खटकेल. एक नको, दोन सांगा. पंच-आउट एकटीने होतो, स्ट्रीट फायटरची खरी मजा समोर माणूस असेल तरच.

— भाई